ताशा येतो, नाच येत नाही : बर्लिनच्या क्लबात मी हातपाय हलवू तरी कसे?

ताशेवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत बसते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय थिल्लर वाटेल, पण उत्तर खरंच हवंय. सांभाळून घ्या.

मी चिंचवडची. सहा वर्षं एका पथकात ताशा वाजवला. गेल्या ऑक्टोबरपासून मास्टर्ससाठी बर्लिनला आहे. नॉयक्योल्नमध्ये, हेर्मानप्लाट्झ स्टेशनापासून सात मिनिटांवर खोली. चौथा मजला, लिफ्ट नाही, चौघांत एक स्वयंपाकघर आणि एकच न्हाणीघर. बाकीचे तिघे म्हणजे एक चिलीवाली (आर्किटेक्चर शिकते), एक नेपल्सकर (हॉटेलात काम करतो, घरी मात्र भांडं विसळत नाही) आणि एक श्टुटगार्टवाला. या तिघांबद्दल आईला सगळं माहीत आहे, त्यामुळे त्या बाजूने प्रश्न नाही.

शनिवार असा जातो. सकाळी साफसफाई. श्टुटगार्टवाल्याने फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लावलाय. पाळी चुकली तर तो तोंडाने काही बोलत नाही, व्हॅक्युम क्लीनर आणून आपल्या दाराला टेकवून ठेवतो. संध्याकाळी सगळ्यांचा मिळून पास्ता. मग आठ ते अकरा चक्क झोप. मला हे ओळखीचं वाटलं, विसर्जनाच्या आदल्या दिवशी आम्ही असंच झोपून घ्यायचो. अकराला उठून ते तिघं बिअर घेऊन बसतात, मी आल्याचा चहा घेऊन. साडेबाराला खाली उतरायचं. वाटेत श्पेती लागते. श्पेती म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीची रात्रभर जागी असणारी थोरली बहीण. तिथून एकेक बाटली घेऊन चालता चालता प्यायची आणि रिकामी झाली की कचऱ्याच्या डब्याच्या पायाशी उभी करून ठेवायची. आत टाकायची नाही. बाटल्या गोळा करणारे लोक फिरत असतात, दुकानात परत केली की बिअरच्या बाटलीमागे ८ सेंट मिळतात. मी पीत नाही, त्यामुळे माझ्याकडे कायम तिघांच्या टोप्या, किल्ल्या आणि हातमोजे सांभाळायचं काम.

कपडे काळे लागतात. माझ्याकडे काळं म्हणजे तुळशीबागेतून घेतलेला एक संक्रांतीचा कुडता, त्याच्या गळ्याला हलव्यासारखे पांढरे मणी. पहिल्या वेळी तोच घातला. चिलीवालीने कात्रीने मणी उसवले आणि वाटीत काढून ठेवले. वाटी अजून मसाल्याच्या फळीवर आहे.

फेब्रुवारीत एका नामांकित क्लबाच्या रांगेत दीड तास उभे राहिलो, उणे चार तापमानात. दारावरच्या माणसाने आमच्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, आज नाही. बस्स. नेपल्सकर एवढा चिडला की बाराखडीच्या सगळ्या अक्षरांवरून शिव्या देत स्टेशनापर्यंत आला. मला मनातून सुटल्यासारखं झालं, कारण खरी पंचाईत आत गेल्यावर होते.

तेव्हा आता मुद्द्यावर येते.

कालव्याजवळच्या एका तळघरातल्या क्लबात आम्ही तीनदा गेलो. १५ युरो प्रवेश. दारावर फोनच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर लावतात, आत फोटो काढायचा नाही. आत अंधार, धूर, एक लाल दिवा आणि धप् धप् धप् धप्. टेक्नो म्हणतात या संगीताला. मी घड्याळ लावून मोजलं. पंधरा सेकंदांत ३३, म्हणजे मिनिटाला १३२. ढोलच आहे हो तो! एकच ढोल, एकच टिपरू आणि कधीच भरून न येणारा हात. दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध झांजेसारखं छ्स्, छ्स्. आणि दर ३२ ठोक्यांनी काहीतरी बदलतं. एखादा आवाज येतो नाहीतर जातो. गाणं नाही, कडवं नाही, हिशोब सगळा आकड्यांचा.

मी भिंतीला पाठ लावून हे मोजत बसते आणि मला मजा येते, खोटं कशाला बोलू. गेल्या वेळी तर ३२ संपत आले आणि माझा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला. पथकात ताल बदलायचा असला की पुढचा ताशेवाला असाच हात वर करतो. नेमका त्याच क्षणी ढोल बंद झाला! आठ ठोक्यांएवढी शांतता, आणि मग तो परत आला तेव्हा सगळं तळघर ओरडलं. चिलीवालीला वाटलं मी कोणाला तरी हाक मारतेय.

पण नाचता येत नाही. आमच्या पथकात नियम होता, वाजवणाऱ्याने नाचायचं नाही. ताशा गळ्यात, पाय रोवलेले, कंबर ताठ, सगळा जीव मनगटात. नाचणारे समोर, आम्ही इकडे. सहा वर्षं मी लोकांना नाचवलं आणि स्वतः जागची हलले नाही. आता ताशा नाही तर हात कुठे ठेवू तेच समजत नाही. घरच्या लग्नात निदान गाणं तरी असतं, शब्दांप्रमाणे हात फिरवता येतात. इथे धप् या शब्दाला हातवारे काय करणार? दर अर्ध्या तासाने तिघांपैकी कोणीतरी येऊन विचारतं, कंटाळलीस का, जायचं का. मी नाही म्हणते. त्यांना पटत नाही. मग ते माझ्यापायी लवकर निघतात, म्हणजे पाचला, आणि मला अपराधी वाटतं.

दुसरी गोष्ट आईची. आई रविवारी सकाळी अकराला फोन करते. हिवाळ्यात आपलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे, म्हणजे माझे साडेसहा. परवा मी हेर्मानप्लाट्झच्या फलाटावर होते. उचलला.

"अगंबाई, इतक्या लवकर उठलीस?"

"हो."

"सगळं काळं का दिसतंय? लाईट नाही का तिकडे?"

स्टिकर काढायचा राहिला होता. मी म्हटलं, अजून उजाडलं नाहीये. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरीही दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं.

तर, नाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आईला सांगू का?

---

पारावरचा गणू

आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकायला पाठवलं आणि कन्या तळघरात ठोके मोजतेय. धन्य आहे. ताशाची तरी लाज राखायचीत. तो गणपतीपुढे वाजतो, दारूच्या गुत्त्यात नाही.

---

ताशेवाली

गणूभाऊ, इथल्या सरकारी विद्यापीठात फी जवळपास नसते. राहायच्या खर्चाचे ११,९०४ युरो मात्र येण्याआधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. ते मी तीन वर्षं नोकरी करून साठवले. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. त्यातून भाडं, विमा आणि किराणा गेला की १५ युरोचं तिकीट महिन्यातून एकदाच परवडतं. आणि तुमच्या पारासमोरून विसर्जनाची मिरवणूक गेली, तर कोण काय पिऊन नाचतंय तेही एकदा बघा.

---

वेडिंगवाला

गणू, जाऊ दे रे. त्या पोरीने सरळ प्रश्न विचारलाय.

ताशेवाली, मी २००६ ते २०११ बर्लिनला होतो. वेडिंग हे तिथल्या एका वस्तीचं नाव आहे, लग्नाशी संबंध नाही. बायको अजूनही यावरून टोमणे मारते. आमच्या फ्लॅटमध्ये मी, एक पोलिश आणि एक तुर्की, आणि तिघांत मिळून एकच इस्त्री. पहिलं वर्षभर मीही तुझ्यासारखा भिंतीचा खांब होतो.

आधी थोडं पाल्हाळ लावतो, ते सोसा. ट्रेझोर म्हणजे जर्मनमध्ये तिजोरी. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१ साली एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खऱ्याखुऱ्या तिजोरीत तो क्लब सुरू झाला, म्हणून ते नाव. ती जागा २००५ ला बंद झाली, म्हणजे माझं विमान उतरण्याआधीच. २००७ ला क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात परत उघडला तेव्हा मी गेलो. बेर्गहाइन हा तिथला दुसरा गाजलेला क्लब, तोसुद्धा अशाच जुन्या वीजकेंद्रात. पूर्वेकडचे कारखाने आणि गोदामं ओस पडली होती, मालक कोण याचा पत्ता नव्हता, त्यात या पोरांनी स्पीकर नेऊन ठेवले. शिवाय पश्चिम बर्लिनने रात्री बार-क्लब बंद करायची सक्तीची वेळ १९४९ सालीच उठवली होती. त्यामुळे पहाटे पाचला 'चला, आवरा' म्हणणारा हवालदार या शहराला ठाऊकच नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जर्मनीच्या युनेस्को आयोगाने बर्लिनचा टेक्नो देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातला. गणूला हे मुद्दाम सांगतोय.

आता नाच. तू म्हणतेस शब्दांवर हात फिरवायची सवय आहे. ती सोड. हात विसरूनच जा. माझे आजोबा वारकरी. लहानपणी त्यांच्याबरोबर आळंदीपासून दोन मुक्काम चाललोय. दिंडीत पावली खेळतात ती पाहिलीस ना? पाऊल पुढे, पाऊल मागे, गुडघा जरा सैल, वजन या पायावरून त्या पायावर. तासन्‌तास. सत्तरीचे म्हातारे थकत नाहीत, कारण त्यात दाखवायचं काही नसतं. एका रात्री ट्रेझोरमध्ये खाली धुरात उभा होतो, दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता, आणि माझे पाय आपोआप पावली टाकायला लागले. चार तास खेळलो. पोलिश रूममेटने विचारलं, हा कुठला स्टेप? म्हटलं, तेराव्या शतकातला. (ज्ञानोबांचं शतक म्हणून ठोकून दिलं. पावलीचं वय कोणी विचारू नये.)

दुसरं, भिंतीपाशी उभी राहू नकोस. भिंतीशी उभा असलेला माणूसच लोकांना दिसतो. गर्दीच्या मधोमध, जरा मागे, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. घरच्या हळदीत सगळे बघत असतात, मामी तर व्हिडिओ काढते. इथे फोनला स्टिकर आहे तो तुझ्यासारख्यांसाठीच, असं समज.

आणि रूममेटांना सांग, तुम्ही थांबा, मी एकटी जाते. शुक्रवारी-शनिवारी यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते. आठ नंबरची लाईन तर थेट तुझ्या हेर्मानप्लाट्झला सोडते.

ता. क. गुड फ्रायडेला कार्यक्रम ठरवू नका. त्या दिवशी जाहीर नाचाला कायद्याने बंदी असते. बर्लिनमध्ये पहाटे चार ते रात्री नऊ. एकदा आम्ही तिघं नटूनथटून गेलो होतो.

---

शेवटची पंगत

पावलीला +१. प्रतिसाद वाचता वाचता ऑफिसात टेबलाखाली पाय हलवून पाहिले. शेजारच्याने विचारलं, मुंग्या आल्यात का.

---

कानसेन

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. नाचाबद्दल मला काही कळत नाही, कानाबद्दल कळतं.

सहा वर्षं पथकात ताशा? कानात काय घालत होतात? बहुतेक कापूस. कापसाने भरवशाचं संरक्षण होत नाही. दरवर्षी विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे वीस-बावीसची मुलं येतात. मॅडम, कानात रातकिडे ओरडतात, म्हणतात. काहींचे चार दिवसांत थांबतात, काहींचे थांबत नाहीत.

हिशोब सोपा आहे, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून देते. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जर्मनीत मैफली-क्लबांसाठी अर्ध्या तासाची सरासरी ९९ च्या पुढे जाऊ नये असं मानक आहे. कागदावरचा तो ९९ पाळला गेला तरी, तुम्ही तिथे एक ते पाच थांबता, हे लक्षात घ्या.

संगीतवाल्यांसाठी मिळतात ते फिल्टरचे इअरप्लग घ्या. त्यांनी आवाज सपाट होत नाही, नुसता कमी होतो, तुमचे ३२ ठोके नीट मोजता येतील. तोपर्यंत बारवर विचारा, बऱ्याच ठिकाणी फोमचे ठेवतात. दर तासाला दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जा. पथकात परत वाजवाल तेव्हाही तेच घाला, आणि तुमच्या पथकप्रमुखांना माझ्या वतीने चार शब्द सुनवा.

एक गोष्ट कानाबाहेरची. माझी भाची म्युन्स्टरला होती. तिच्याकडून कळलं की जर्मनीत अनेक बार-क्लबांत कोणी त्रास द्यायला लागलं तर मुलीने काउंटरवर जाऊन "लुइसा इथे आहे का?" एवढंच विचारायचं. तिथली माणसं पुढचं काही न विचारता बाजूला नेतात, टॅक्सी बोलावतात. २०१६ मध्ये म्युन्स्टरमध्येच हे सुरू झालं. माहीत असू द्या.

---

डोंबिवलीची मावशी

अगं ताशेवाली, नाचाचं हे लोक बघतील, मी आईचं सांगते.

१९८८ ची नवरात्र. मी फोर्टात एका ऑफिसात टायपिस्ट. आम्ही चौघी मैत्रिणी ऑफिस सुटल्यावर दांडियाला जायचो. बाबांना सांगितलं होतं, ऑडिट चालू आहे, उशीर होईल. सात दिवस ऑडिट चाललं. आठव्या रात्री घरी आले तर बाबा जागे. काही बोलले नाहीत. माझी पर्स खुंटीला अडकवायला म्हणून उचलली आणि तिच्यातून दोन दांडिया वर आलेल्या, लाल-हिरव्या, घुंगरू लावलेल्या. बाबा म्हणाले, "ऑडिटला काठ्या लागतात होय?"

मला वाटलं आता कानाखाली बसते. ते म्हणाले, जेवून घे, आमटी गरम करून दिली आणि स्वतः समोर बसले. मग हळूच विचारलं, परत येताना सोबत कोण असतं? त्यांना काळजी होती ती गाडीची, दांडियाची नव्हे. नवव्या रात्री ते स्वतः स्टेशनवर घ्यायला आले, छत्री घेऊन. पाऊस नव्हता. छत्री कशाला ते मी आजवर विचारलं नाही.

तुझी आई कशाला घाबरेल ते तू आधीच ठरवून टाकलंयस. तिला विचार तरी. फलाटावरून नको, घरी येऊन, तोंड धुऊन, तो मेला स्टिकर काढून.

---

टोलवाला

एक मिनिट. चिंचवडची, सहा वर्षं ताशा, आणि ताल बदलायच्या आधी दोन ठोके घाईने हात वर करणारी? नदीपात्रातल्या सरावात पाय घसरून ताशासकट चिखलात बसलेली? नाव घेत नाही. पण ओळखलं. मी मागच्या रांगेत टोलाची थाळी बडवायचो.

तुला सगळ्यांनी पाय सांगितले, मी हात सांगतो. तूच लिहिलंयस की नुसता ढोल आणि झांज ऐकू येते. मग तिथे काय कमी आहे? तर्री! मिसळीवरची नाही, ताशाची ती सलग कडकड. ठोक्यांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि ती जागा जन्मभर तुझीच आहे. ताशेवाल्याला पोकळी दिसली की राहवत नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेव आणि बोटांनी तर्री सोड. कोणाला ऐकू जाणार नाही, कोणाला दिसणार नाही. मनगट सुटलं की कोपर सुटेल, खांदा सुटेल, मग कंबर कुठे जातेय?

शिवाय हे संगीत आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. हे डेट्रॉइटहून बर्लिनला आलं वगैरे ठीक आहे, पण १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या माणसाने रोलंडचं ८०८ हे ड्रमयंत्र आणि ३०३ हे बासयंत्र घेऊन त्यावर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा विकली गेली नाही. वीस-पंचवीस वर्षांनी युरोपातल्या लोकांनी ती ऐकली आणि डोक्याला हात लावला, कारण अशाच आवाजावर शिकागोत लोक नाचायला लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. राग भैरव आणि खाली धप् धप्. ऐक एकदा.

टेम्पलहोफचा जुना विमानतळ तुझ्या घरापासून जवळच आहे ना? २००८ ला विमानं बंद झाली, आता धावपट्टीवर लोक सायकली फिरवतात, पतंग उडवतात म्हणे. ताशा पाठवू का कुरिअरने? चिखल पुसलाय.

---

ताशेवाली

सगळ्यांचे आभार. टोलवाल्या, तो चिखल नव्हता, शेण होतं, आणि तू हात द्यायच्या ऐवजी हसत होतास. ताशा पाठव.

काल गेलो होतो, म्हणून अहवाल देते.

आधी कान. फार्मसीतून प्लग घेतले, २० युरो गेले, म्हणजे या महिन्यात पनीर बंद. पण डॉक्टर, तुमचं खरं निघालं. छ्स् छ्स् च्या मागे एक तिसरा आवाज आहे, लाकडावर टिचकी मारल्यासारखा, तो मला आजवर ऐकूच आला नव्हता. तो दर तीन ठोक्यांनी येतो आणि बाकी सगळं चारच्या हिशोबात चाललेलं, त्यामुळे दर वेळी भलत्याच जागी पडतो आणि बाराव्या ठोक्याला हिशोब जुळतो. ते कळल्यावर मी एकटीच हसायला लागले.

वेडिंगवाले काका, मधोमध उभी राहिले. पहिली दहा मिनिटं नुसती तोल सांभाळत होते. मग पावली. दिंडीत गेलेली नाही, पण आजीबरोबर पालखी बघायला जायचो तेव्हा पाहिलेली, तेवढ्यावर. ठोक्याला एक पाऊल टाकलं तर धावल्यासारखं होतं. दोन ठोक्यांना एक टाकलं आणि जमलं. तर्रीचं म्हणाल तर टोलवाल्याचं ऐकून बोटं सोडली. मांडीवर जमेना, कारण काळी जीन्स जाड. मग समोरच्या लोखंडी कठड्यावर वाजवलं. शेजारी एक टक्कल पडलेला पन्नाशीचा गृहस्थ होता, त्याने पाच मिनिटं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि स्वतःच्या कठड्यावर झांज धरली. आम्ही दोघांनी बहुधा अर्धा तास वाजवलं. एक शब्द बोललो नाही. मग तो टोपी घालून निघून गेला.

कंबर कधी सुटली ते कळलं नाही. चिलीवाली म्हणाली, साडेतीनला. ती म्हणे बघत होती. म्हणजे तिथे कोणी कोणाकडे बघत नाही हे काही खरं नाही, काका.

साडेसहाला घरी. सगळ्यांना भूक. मी कुकर लावला, मऊ भात, मेतकूट, घरी कढवलेलं तूप. नेपल्सकराने तीनदा वाढून घेतलं आणि ताट स्वतः घासून ठेवलं. श्टुटगार्टवाल्याने पुरावा म्हणून त्याचा फोटो काढला.

आणि मावशी, तुमचं ऐकलं. तोंड धुतलं, दोन्ही स्टिकर खरवडून काढले आणि मीच फोन लावला. एका दमात सांगितलं. रात्री कुठे जाते, कोणाबरोबर, मी पीत नाही, गाडी रात्रभर असते, सगळं. आई गप्प. माझ्या पोटात गोळा.

मग म्हणाली, "ते संक्रांतीचे मणी कुठे ठेवलेस?"

म्हटलं, मसाल्याच्या फळीवर, वाटीत.

"फोडणीत घालशील." परत गप्प. मग म्हणाली, "तिथे वाजवतात तरी काय एवढं, ऐकव बघू."

मी लॅपटॉपवर लावलं, आवाज मोठा केला, फोन जवळ धरला. आईने अर्धा मिनिट कान दिला असेल.

"ऐकवतेयस ना? आधी तो मिक्सर बंद कर, काही ऐकू येत नाहीये."